रविवारची शाळा आणि भाज्याचें लेणें

प्रेस्बिटेरियन हा शब्द उच्चारतांना मोठ्यांचीहि जीभ अडखळते. मग आठ-दहा वर्षांच्या मुलाची काय कथा! शब्बाथशाळेंत शिकणाऱ्या मुलाला शास्त्रवचनें पाठ असतात, गीतें येतात. पण आपली मंडळी कोणत्या परंपरेंतून आली, असें विचारलें कीं तें शिक्षकाच्या तोंडाकडे पाहूं लागतें. दोष त्याचा नाहीं. १९२४ सालीं येथील प्रेस्बिटेरियन मंडळ्या एका संयुक्त मंडळींत सामील झाल्या, आणि १९७० सालीं त्या मंडळींतून व इतर पंथांतून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ही संस्था उभी राहिली. ऐक्य इष्टच होतें. परंतु दारावरच्या पाटीबरोबर घरांतली आठवणहि पुसट झाली.

वस्तुतः हा ग्रीक शब्द अर्थानें अगदीं घरगुती आहे: वडील, ज्येष्ठ. एकट्या धर्माध्यक्षाच्या सत्तेऐवजीं मंडळीनें निवडलेल्या वडिलांनीं पाळकासह एकत्र बसून कारभार पाहावा, हें या पंथाचें मर्म. फळ्यावर लिहून तें मुलांच्या मनांत उतरत नाहीं. त्यासाठीं एखाद्या रविवारीं त्यांना मळवली स्टेशनावर उतरवून भाज्याच्या लेण्यांत न्यावें.

बौद्ध लेण्यांत स्कॉटिश पंथाचा धडा कसला, असें एखादे आजोबा विचारतील. चैत्यगृहाच्या छताच्या लांकडी फांसळ्या मुलांनीं मनसोक्त पाहून घेतल्या म्हणजे त्यांना थोडें पुढें न्यावें. तेथें चौदा स्तूप आहेत; पांच कातळाच्या छपराखालीं, नऊ बाहेर. त्यांतल्या कांहींवर ब्राह्मी अक्षरांत नांवें कोरलेलीं आहेत: धम्मगिरि, संघदिन. नांवांसोबत 'थेर' ही पदवी आहे. थेर म्हणजे स्थविर, अर्थात् वडील! या दोन धर्मांत येथें कसलाहि वंशसंबंध नाहीं, हें शिक्षकानें निक्षून सांगावें. पण आपल्या मार्गदर्शकांना 'वडील' म्हणावें असें दोन्ही समाजांना वाटलें, हें मुलाच्या ध्यानांत आलें कीं तो परका शब्द परका उरत नाहीं.

शिवाय या लेण्यांशीं त्या परंपरेचा प्रत्यक्ष धागाहि आहे. १८२९ सालीं मुंबईस आलेले स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन हे १८४८ सालीं नेमलेल्या लेणीविषयक समितीचे अध्यक्ष होते. पश्चिम हिंदुस्थानांतील लेण्यांवर त्यांनीं लिहिलेला निबंध १८५० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनीं मुंबईंत मुलींच्या शाळा काढल्या आणि १८३५ सालीं येथेंच देह ठेवला. याच विल्सनांनीं हिंदु धर्मावर कठोर टीकाग्रंथ लिहिले, मोरभट दांडेकरांशीं जाहीर वाद घातला. तेंहि मुलांपासून लपवूं नये. गोड तेवढेंच सांगितलेला वारसा मूल मोठें होतांच फेंकून देतें.

मुलांना सर्वांत आवडेल तें १८४३ सालचें नाटक. मंडळीचा पाळक मंडळीनें निवडावा कीं गांवच्या जमीनदारानें नेमावा, या प्रश्नावर स्कॉटलंडांत चर्च दुभंगलें. साडेचारशेंहून अधिक पाळक घर व वेतन सोडून बाहेर पडले. इकडे विल्सन व त्यांचे सहकारीहि बाहेर पडले, आणि विद्यालयाची नवी इमारत जुन्या पक्षाकडे राहिली. हा प्रसंग वर्गांत बसवण्यास पडदे लागत नाहींत. एक टेबल, एक किल्ल्यांचा जुडगा आणि एक दार पुरे. किल्ल्या टेबलावर ठेवून मुलांनीं दाराबाहेर जावें. त्याआधीं मात्र शिक्षकानें विचारावें: कोण जाणार, कोण राहणार? राहणाऱ्यांनाहि आपली बाजू मांडूं द्यावी. त्यांच्याजवळहि कारणें होतीं.

पुढच्या रविवारसाठीं गृहपाठ एवढाच: आपल्या मंडळींत पूर्वीं वडील म्हणून कोण निवडले गेले होते, तें आजी-आजोबांना विचारून वहींत लिहून आणावें, नांव, गांव आणि त्यांच्याविषयीं घरांत सांगतात ती एखादी गोष्ट.