बॉनेटखालील भट्टी

घाट चढून माथ्यावर मोटार थांबवावी, किल्ली फिरवावी आणि चहाच्या टपरीकडे वळावें, ही आपली नेहमींची रीत. मीहि अनेक वर्षें तसेंच करीत असें. एकदां परत येऊन पाहतों तों बॉनेटखालून करपट वास. टर्बोचार्जरजवळची रबरी नळी भाजून तडकलेली! सबंध चढणींत जी शाबूत राहिली, ती उभ्या गाडींत भाजावी, हें कोडें मला बरेच दिवस छळीत होतें.

टर्बोचार्जर म्हणजे टाकाऊ वायूच्या जोरावर फिरून एंजिनांत जादा हवा कोंबणारें चक्र. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनीं १९०५ सालीं त्याचें पेटंट घेतलें. विक्रीच्या मोटारींत तें १९६२ सालीं अमेरिकेंत आलें. पेट्रोलचें एंजिन पूर्ण जोरावर असतां ह्या चक्रावर आदळणारा वायु ९०० अंश सेंटिग्रेडच्याहि वर तापलेला असूं शकतो. अशा धातूंतून उष्णता किरणरूपानें बाहेर पडते, आणि निरपेक्ष उष्णमान दुप्पट झालें तर हें किरणोत्सर्जन सोळापट होतें.

सामान्य माणसाला यावर वारा हा उपाय सुचतो. वारा हवाच, परंतु किरण वाऱ्यानें उडून जात नाहींत. त्यांना अडवावयास चकचकीत पत्रा लागतो, आणि तोहि नळीला चिकटवून नव्हे, मध्यें बोटभर हवा राखून. शिवाय नळींतील सारी उष्णता उधळणें शहाणपणाचें नाहीं, कारण तीच तर चक्र फिरविते. म्हणून चक्राच्या घरावर उष्णतारोधक आवरण चढवितात. नळीला कापडी पट्टी गुंडाळण्याचा सोपा मार्ग मात्र मला रुचत नाहीं: आंतील धातु अधिक तापतो, पट्टींत पाणी मुरतें, आणि नळी गंजते किंवा चिरते.

बॉनेटची मागली कड उचलून ठेवली कीं गरम हवा निघून जाईल, असेंहि अनेकांस वाटतें. पण धांवत्या गाडींत पुढील काचेच्या पायथ्याशीं हवेचा दाब वाढलेला असतो; तेथून हवा उलट आंतच शिरूं पाहते. झरोके हवेत ते बॉनेटच्या पुढल्या भागांत.

आतां माझें कोडें. एंजिन बंद होतांच वारा थांबतो, पाणी थांबतें, तेलहि थांबतें. पण तापलेलें लोखंड एकदम निवत नाहीं. त्याची धग बेअरिंगकडे सरकते, तेथें राहिलेलें तेल करपून त्याचा कोळसा होतो, आणि भोंवतालच्या नळ्या चालत्या गाडींतल्यापेक्षां अधिक तापतात. पुष्कळ गाड्यांत बेअरिंगभोंवतीं पाणी खेळविलेलें असतें, आणि कांहींत एंजिन थांबल्यावरहि विजेचा पंप तें फिरवीत ठेवतो. माझ्या गाडींत ती सोय नाहीं. म्हणून माथा जवळ आला कीं मी एंजिनावरचा जोर कमी करतों, पोंचल्यावर एक-दोन मिनिटें तें मोकळें चालूं देतों. नवी नळीहि पत्र्याच्या आडून, जरा दूरवरून नेली आहे. चहाला तेवढा उशीर होतो.