जेवणानंतरचा चहा

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटातल्या सगळ्यांनी रक्त तपासून घेतलं. बाईचं हिमोग्लोबिन 12 तरी हवं. आम्ही निम्म्याहून जास्त जणी त्याखाली निघालो. गोळ्या सुरू झाल्या.

ताईंनी विचारलं, जेवल्यावर चहा घेता? घेतो की, लगेच! चहामुळे जेवणातलं लोह अंगी लागत नाही म्हणे. आता चहा तासाभरानं. मटकीच्या उसळीवर लिंबू पिळतो, त्यानं लोह जास्त मिळतं.

पण उसळ उरते कुठे? सगळ्यांच्या मागून जेवायचं, तर तळाचा रस्साच वाट्याला. म्हणून आम्ही आपली वाटी आधीच काढून झाकून ठेवतो. एकीच्या सासूबाईंनी विचारलं, "ही कुणाची गं?"

"माझी."

दुसऱ्या दिवशी ओट्यावर दोन वाट्या झाकलेल्या होत्या.