पिल्लाचं जेवण, पिल्लाचं वजन

(रौप्यमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात झालेल्या भाषणाचे शब्दांकन. वक्त्या पशुवैद्यक असून बी विंगमध्ये राहतात.)



कुत्र्याचा विषय आपल्याकडे आजवर फक्त सर्वसाधारण सभेत निघायचा, आणि तोही पार्किंगच्या विषयानंतर, म्हणजे सगळे आधीच तापलेले असताना. आज तो व्याख्यानाला ठेवला याबद्दल सांस्कृतिक समितीचे आभार. लिफ्ट, पट्टा, जिन्यातली घाण यावर मी बोलणार नाही, त्यामुळे सेक्रेटरी साहेबांनी निवांत बसावं. मी फक्त वाढत्या पिल्लाच्या जेवणाबद्दल बोलणार आहे. आणि ज्यांच्याकडे पिल्लू आहे त्यांच्यापेक्षा ज्यांच्याकडे नाही त्यांनी जरा जास्त लक्ष देऊन ऐकावं, कारण सोसायटीतलं पिल्लू एका घरात जेवत नाही.

माझ्या दवाखान्यात आलेलं एक पिल्लू सांगते. आपल्या सोसायटीतलं नाही, उगाच एकमेकांकडे बघू नका. लॅब्राडोर, वय पाच महिने, वजन चोवीस किलो. तक्रार अशी की मागच्या पायानं लंगडतो आणि बसला की उठायला कंटाळतो. घरच्यांना वाटत होतं, कुठेतरी पडला असेल. मी विचारलं, खायला काय देता? उत्तर आलं, ‘पाकिटातलं खाणं, दोनदा, बाकी काही नाही.’ हे ‘बाकी काही नाही’ आम्हाला रोज ऐकू येतं. मग मी त्यांना एक वही घालून दिली. घरातल्या प्रत्येकानं आणि बाहेरच्यानंही, कुत्र्याच्या तोंडात जे जाईल ते लिहायचं. आठवड्यानं वही आली. आजोबांच्या सकाळच्या फेरीत चार बिस्किटं. वॉचमन दोन. समोरच्या काकू दार उघडलं की दोन, आणि त्यांच्याकडे तो दिवसातून दोनदा जायचा. आजी रात्री तूप लावलेल्या दोन पोळ्या, ‘उपाशी झोपू नये म्हणून’. आणि सकाळी कपभर म्हशीचं दूध.

आता हिशेब करू. ग्लुकोजच्या बिस्किटात शंभर ग्रॅममागे साधारण साडेचारशे कॅलरी असतात, म्हणजे एका लहान बिस्किटात वीस-बावीस. दहा बिस्किटांच्या झाल्या दोनशेच्या वर. दुधाच्या दोनशे, पोळ्यांच्या दोनशेच्या पुढे. एकूण सहा-सातशे. त्या वयाच्या, त्या जातीच्या पिल्लाला दिवसभरात ढोबळमानानं तेराशे कॅलरी पुरतात, आणि तेवढ्या त्याच्या पाकिटातल्या खाण्यातूनच मिळत होत्या. म्हणजे गरजेच्या निम्मं आणखी वरून. यात एकाही माणसानं जास्त दिलेलं नाही, हे लक्षात घ्या. प्रत्येकानं थोडंच दिलं होतं.

एक्स-रे काढला तर खुब्याचे सांधे सैल. हा दोष बराचसा आनुवंशिक असतो, तो बिस्किटांनी होत नाही. पण मोठ्या जातीच्या पिल्लाची हाडं टोकांकडून वाढत असतात, ती वाढ पूर्ण व्हायला बारा ते अठरा महिने लागतात, आणि त्या काळात सांध्यावर जितकं जास्त ओझं तितका तो सैल सांधा जास्त झिजतो. जात आपण बदलू शकत नाही, वाटीत काय पडतं ते बदलू शकतो.

याचा पुरावा काय असं कुणी विचारेल. अमेरिकेत प्युरिना कंपनीनं केलेला एक दीर्घ अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. अठ्ठेचाळीस लॅब्राडोर पिल्लं, भावंडांच्या जोड्या लावल्या. एकाला जितकं खाणं, त्याच्या जोडीदाराला त्याहून पंचवीस टक्के कमी, आणि हे वयाच्या आठव्या आठवड्यापासून आयुष्यभर. कमी खाणारी कुत्री सरासरीनं जवळपास दोन वर्षं जास्त जगली. त्यांच्या खुब्यांची झीजही कमी आणि उशिरा झाली. कुत्र्याचं आयुष्य मुळात दहा-बारा वर्षांचं. त्यात दोन वर्षं म्हणजे केवढी, ते ज्यांनी कुत्रा गमावलाय त्यांना सांगायला नको.

लॅब्राडोरवाले लगेच म्हणतील, ‘अहो पण तो भुकेलाच असतो, डोळ्यांत बघवत नाही.’ खरं आहे. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं की जवळजवळ चौथा हिस्सा लॅब्राडोरांमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. त्यामुळे ‘पोट भरलं’ हा निरोप मेंदूला नीट पोचत नाही. म्हणजे तो नाटक करत नाही, त्याला खरंच भूक लागल्यासारखं वाटतं. पण म्हणून त्याला किती द्यायचं हे त्याच्या डोळ्यांवरून ठरवता येत नाही.

मग कशावरून ठरवायचं? आता सगळ्यांनी एक हात पुढे करा. मूठ वळा. दुसऱ्या हाताची बोटं त्या मुठीच्या सांध्यांवरून फिरवा. टोकदार लागतात ना? पिल्लाच्या बरगड्या अशा लागल्या तर ते वाळलेलं आहे. आता मूठ उघडा, पंजा सरळ धरा आणि पंजाच्या मागच्या बाजूनं बोटं फिरवा. हाडं कळतात, पण वर पातळ आवरण आहे. हे उत्तम. आता हात उलटा करा, अंगठ्याखालचा मऊ भाग चाचपा. बरगड्या अशा लागल्या, म्हणजे दाबल्याशिवाय सापडल्याच नाहीत, तर वजन जास्त आहे. झबऱ्या केसांच्या कुत्र्याला डोळ्यांनी बघून काहीच कळत नाही, हातच लावावा लागतो. शिवाय वरून बघितलं तर बरगड्यांमागे कंबर दिसली पाहिजे.

एक अपवाद. अंग हाडकुळं आणि पोट मात्र नगाऱ्यासारखं, हे लठ्ठपण नव्हे, हे बहुतेक वेळा जंत असतात. गेटजवळच्या गावठी पिल्लांमध्ये हे फार दिसतं, आणि लोक म्हणतात, बघा किती खातात. जंतांचं औषध वयाच्या दुसऱ्या आठवड्यापासून तीन महिन्यांपर्यंत दर पंधरवड्याला आणि मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला द्यायचं असतं. कुठलं आणि किती, ते वजनावर, म्हणून डॉक्टरांना विचारूनच.

घरी वजन करायला वेगळा काटा लागत नाही. पिल्लाला कडेवर घेऊन आपल्या काट्यावर उभं राहायचं, मग एकट्यानं, आणि वजाबाकी करायची. घरात पाचवी-सहावीतलं मूल असेल तर हे काम त्याच्याकडे द्या. दर रविवारी, तारीख घालून. मुलं बिस्कीट चोरून देतात हे खरं, पण एकदा तक्ता त्यांच्या ताब्यात दिला की तीच मोठ्यांना पकडतात.

आता वाटीत काय. पाकिटातलं खाणं देत असाल तर ‘पपी’चं, आणि मोठी जात असेल तर मोठ्या जातीच्या पिल्लांचं. पाकिटावर तक्ता असतो, तो नीट वाचा. पुष्कळ पाकिटांवर पिल्लाचं आजचं वजन धरलेलं नसतं, मोठेपणी ते किती किलोचं होणार ते धरलेलं असतं, आणि इथेच गल्लत होते. तक्त्यात दोन आकडे दिले असतील तर लहान आकड्यापासून सुरुवात करा, आणि हाताला बरगड्या कशा लागतात त्याप्रमाणे वाढवा. मोजायचं ते वाटीनं नको, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ग्रॅममध्ये. दिवसभराचं खाणं सकाळीच मोजून एका डब्यात काढा, जे द्यायचं ते त्यातूनच. चार महिन्यांपर्यंत तीन-चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढे दोन वेळा. पंधरा-वीस मिनिटांत वाटी उचलायची. दिवसभर भरलेली वाटी जमिनीवर ठेवू नका.

घरचं जेवण देणाऱ्यांची संख्या आपल्याकडे मोठी आहे, आणि मी त्याच्या विरोधात अजिबात नाही. पण आपल्या घरचं उरलेलं म्हणजे कुत्र्याचं घरचं जेवण नव्हे. नुसती दूध-पोळी किंवा वरण-भात यांत वाढत्या पिल्लाला प्रथिनं पुरत नाहीत. उलट नुसतं चिकन-भात दिलं तर प्रथिनं मिळतात, पण कॅल्शियम जवळजवळ नाहीच. मग शरीर ते हाडांतून काढून घेतं, हाडं ठिसूळ होतात, लहानशा उडीनंही मोडतात. अशी पिल्लं मी पाहिली आहेत, आणि ती अगदी लाडाकोडात, रोज ताजं चिकन खाऊन वाढलेली असतात. म्हणून घरचं द्यायचं तर डॉक्टरांकडून प्रमाण लिहून घ्या. अंडं, चिकन, भात, लाल भोपळा, थोडं दही, आणि वर कॅल्शियम किती ते मोजून. शाकाहारी घरांनी तर हे नक्की करावं.

आणि याच्या नेमकं उलट चूक दुसऱ्या घरात होते. पूर्ण संतुलित पाकिटातलं खाणं चालू आणि वर कॅल्शियमचं सिरप, ‘हाडं मजबूत व्हावीत म्हणून’. मोठ्या जातीच्या लहान पिल्लाला आतड्यातून येणारं जादा कॅल्शियम अडवता येत नाही, जेवढं द्याल त्यातलं बरंचसं आत जातं, आणि हाडांची वाढ वाकडीतिकडी होते. म्हणजे एकाच औषधाची बाटली एका घरात हवी आणि शेजारच्या घरात नको. त्यामुळे शेजाऱ्याच्या कुत्र्याला दिलं म्हणून आपल्याला, असं करू नका. ऊन दाखवण्याचंही तसंच. कोवळं ऊन चांगलंच, पण कुत्र्याच्या कातडीत आपल्यासारखं पुरेसं ड जीवनसत्त्व तयार होत नाही, ते त्याला खाण्यातूनच मिळावं लागतं.

वजन वाढलेलंच असेल तर? पिल्लाला उपाशी ठेवायचं नाही, आणि टेकडीवर पळवायचं तर मुळीच नाही. कच्च्या सांध्यांना लांब पळणं, जिने उतरणं, गाडीतून उड्या हे सगळं वाईट. वरचं खाणं बंद करायचं, मुख्य जेवण डॉक्टरांच्या सल्ल्यानं थोडं कमी करायचं, आणि वजन सावकाश वाढू द्यायचं. त्याची उंची वाढत असतेच, ती वजनाला गाठते. नसबंदीनंतर मात्र पुन्हा सावध, कारण त्यानंतर कॅलरीची गरज पाव हिश्शानं घटू शकते आणि भूक वाढते.

त्या चोवीस किलोच्या पिल्लाचं काय झालं, हे मागच्या रांगेतून कुणीतरी विचारतंय. वही चालू राहिली. पुढचे दोन महिने त्याचं वजन फार थोडं वाढलं आणि अंग लांब होत गेलं. लंगडणं बरंच कमी झालं. खुबे मात्र तेच आहेत. थंडीत सकाळी तो सावकाश उठतो आणि पुढेही तसाच उठेल.

आता शेजाऱ्यांसाठी. कुणाच्याही पिल्लाला काही देण्याआधी विचारा. मालकांनो, तुम्हीही ‘नको’ म्हणायला लाजू नका. काकू रागावतील या भीतीनं आपण गप्प बसतो. काकूंना प्रेमानं द्यायचंच असेल तर त्या डब्यातलेच चार दाणे रोज त्यांच्या दारात ठेवा, त्यांनी तेच हातानं भरवावेत. पिल्लाला काय दिलं यापेक्षा कुणी दिलं याचंच जास्त कौतुक असतं. वरचा खाऊ दिवसाच्या कॅलरींच्या एक दशांशाहून जास्त नको. गाजराचा किंवा काकडीचा तुकडा चालतो.

काही गोष्टी मात्र एक घाससुद्धा नकोत. द्राक्षं, मनुके, बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. त्यामुळे बेदाणे लावलेला लाडू, प्रसादाचा शिरा, फेब्रुवारीतली नाशिकची पेटी, सगळं उंचावर. चॉकलेट, कांदा, लसूण, साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं च्युइंगगम, आणि शिजवलेली हाडं, कारण ती फुटून आतड्यात रुततात. चुकून खाल्लं तर सकाळची वाट बघू नका.

गेटजवळच्या पिल्लांना दूध-बिस्कीट घालणाऱ्या मुलांनो, तुमच्यावर मी रागावणार नाही. पण दुधानं त्यांना जुलाब होतात, आणि ते मग वॉचमनकाकांना धुवावे लागतात. भातात कुस्करलेलं उकडलेलं अंडं घाला, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या कोपऱ्यात. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत भटक्या कुत्र्यांच्या खाण्याची जागा मुलांच्या खेळायच्या जागेपासून, जिन्यापासून आणि प्रवेशद्वारापासून दूर असावी असं म्हटलंय. पंपरूमच्या मागची जागा समितीनं ठरवून द्यावी, एवढी विनंती याच व्यासपीठावरून करते.

मी दवाखान्यातला काटा खाली आणला आहे. चहा झाला की पिल्लं घेऊन या, पण एकेक विंग करून, आणि कृपया येताना बिस्कीट दाखवत आणू नका. प्रश्न असतील तर आता विचारा.