पेन्शनीतले दिवस

शाल, श्रीफळ, हार आणि चार भाषणे झाली की मास्तर पेन्शनीत निघतात. वयाला 58 वर्षे पुरी झालेली असतात. समारंभात जो तो म्हणतो, "गुरुजी, पुष्कळ केलेत, आता विश्रांती घ्या." पहिला महिना विश्रांतीत मोठ्या मजेत जातो. मग एके दिवशी सकाळी हात आपोआप खुंटीवरच्या सदऱ्याकडे जातो आणि ध्यानात येते, की आज कुठे जायचे नाही. उद्याही नाही. गुरुजी ओट्यावर बसतात, वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचून काढतात, आणि दुपारी आत डोकावून विचारतात, "चहा झाला का गं?" तो दिवसाचा चौथा चहा असतो.

हसण्यासारखे आहे खरे, पण हसून सोडून देण्यासारखे नाही. इतकी वर्षे रोज सकाळी वर्गभर मुले आपली वाट पाहत होती. आता कुणी वाट पाहत नाही. घरात सारे प्रेमाने वागतात, ताट वेळेवर मिळते. पण आपल्यावाचून कुणाचे काही अडत नाही, ही गोष्ट माणसाला आतून पोखरते. पोस्टातल्या, तलाठी कचेरीतल्या, एस. टी. तल्या माणसाचेही तेच. तेव्हा उपाय असा हवा, की कुणीतरी आपली वाट पाहील. त्यासाठी तीन साध्या वस्तू सुचवतो. एक मुके जनावर, एक वही आणि एक पिशवी.

आधी जनावर. गाय किंवा शेळी ज्यांच्या दारी आहे, त्यांना हे सांगायला नको. ज्यांच्याकडे नाही, त्यांनी गावातलेच एखादे कुत्र्याचे पिल्लू घरी आणावे. विकतचे, केसाळ, थंड मुलखातले कुत्रे आपल्या उन्हात हैराण होते. गावठी कुत्रे इथल्याच हवेत वाढलेले असते. त्याला सकाळ-संध्याकाळ फिरवावे लागते, म्हणजे आपलेही दोन-तीन मैल चालणे होते. तुम्हाला कंटाळा आला तरी ते दाराशी उभे राहते. घंटेची जागा ते घेते, म्हणा ना!

पण जनावर पाळणे म्हणजे वचन देणे आहे. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पिसाळीची लस टोचावी, आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी. कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे कुत्र्याला घालू नयेत. ती त्याला बाधतात. नाशिक-सांगलीकडच्या मंडळींनी हे विशेष लक्षात ठेवावे. कोणतेही कुत्रे चावले, तर जखमेला हळद, चुना, तिखट लावत बसू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. पिसाळीची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस सहसा वाचत नाही. आणखी एक. कुत्रे दहा-बारा वर्षे, कधी त्याहूनही अधिक जगते. साठीच्या माणसाने पिल्लू आणताना घरात आधी विचारावे, "माझ्यामागे याचे कोण करील?" उत्तर मिळाले, तरच आणावे.

पुष्कळांना या वयात पोपट पाळावासा वाटतो. तो मोह टाळा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडचे रानातले पोपट पकडणे, विकणे, पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. कायदा नसता तरी काय, ज्याने आभाळ पाहिले त्याला पिंजरा दाखवण्यात कसले पुण्य? त्याऐवजी अंगणात सावलीला मातीचे पसरट भांडे ठेवा, रोज धुऊन ताजे पाणी भरा. साळुंक्या, बुलबुल, चिमण्या आपण होऊन येतील. एप्रिल-मेमध्ये एक दिवस भांडे कोरडे राहिले, तर त्याच तुमच्या नावाने ओरडतील.

येथेच वहीचे काम सुरू होते. मास्तरांचे अक्षर चांगले, टिपणाची सवय जुनी. रोज चार ओळी लिहा. आज कोणता पक्षी आला, आंब्याला मोहोर कधी लागला, विहिरीचे पाणी किती पायऱ्या खाली गेले, पावसाळ्याच्या तोंडाशी चातक पहिल्यांदा कोणत्या तारखेला ओरडला. एका वर्षाच्या टिपणाने फारसे कळत नाही. पाच वर्षांची वही झाली, की गावाच्या निसर्गाचा तो दप्तरी पुरावा होतो. ज्यांना पक्ष्यांत गोडी नाही, त्यांनी गावातल्या शेतांची नावे लिहावीत. प्रत्येक वावराला, ओढ्याला, विहिरीला नाव असते, त्यामागे हकिकत असते. ती म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीच असते. सातबाऱ्यावर गट क्रमांक असतो, हकिकत नसते. माणसे गेली, की नावेही जातील.

हे वय नव्या कामाचे नव्हे, असे कुणी म्हटले तर दोन नावे सांगा. डॉ. सालिम अली 1896 चे. भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांवरचा त्यांचा व डिलन रिप्ले यांचा दहा खंडांचा ग्रंथ 1968 मध्ये निघू लागला, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. आपले मारुती चितमपल्ली वनखात्यातून 1990 मध्ये निवृत्त झाले. त्यांचा 'पक्षिकोश' त्यानंतरचा. 2025 मध्ये ते गेले, पण कोश आपल्या हाती आहे. आपल्या वहीचा कोश होणार नाही, न होवो. महिन्यातून एकदा ती घेऊन गावच्या शाळेत जा आणि मुलांना अर्धा तास वाचून दाखवा. आज शाळेत शिकवणाऱ्या शिक्षकमित्रांना माझी विनंती आहे, की या पाहुण्याला तेवढा तास द्या. पुढल्या महिन्यात मुलेच विचारतील, "गुरुजी कधी येणार?"

आता पिशवी. भाकरी, पाण्याची बाटली, औषधाच्या गोळ्या आणि ओळखपत्र मावेल एवढीच. महिन्यातून एकदा सकाळी निघून संध्याकाळी परत यायचे. नाशिककडच्यांनी निफाड तालुक्यातले नांदूर मधमेश्वर पाहावे. गोदावरीच्या या पाणथळीला महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून मान मिळाल्याचे 2020 च्या जानेवारीत जाहीर झाले. पुणे-सोलापूरकडच्यांनी हिवाळ्यात भिगवणला, उजनीच्या पाण्यावर, रोहित पक्षी पाहायला जावे. आणि दूर जायला नको असेल, तर शेजारगावचा बाजार आहे, जुन्या विद्यार्थ्याचे घर आहे. मास्तरांची दौलत म्हणजे गावोगावचे विद्यार्थीच. एकाच्या दारात उभे राहून बघा, पाट मांडला जातो की नाही.

या सहलीला एकटे जाऊ नका. गुरुजी पेन्शनीत निघाले, पण घरातल्या बाईंना कुणी शाल-श्रीफळ दिले का? त्यांची चूल 58 व्या वर्षी थांबली नाही. उलट गुरुजी दिवसभर घरी, म्हणजे चहा वाढला! महिन्याचा तो एक दिवस त्यांच्या सुट्टीचा असू द्या. डबा त्यांनी करायचा नाही. आदल्या रात्री आपण शेंगा भाजाव्यात, वाटेत केळी घ्यावीत. 17 मार्च 2023 पासून एस. टी. त महिलांना अर्धे तिकीट झाले. पुरुषांना अर्ध्या तिकिटासाठी वयाची 65 वर्षे पुरी व्हावी लागतात, आणि 75 वर्षांपुढच्यांचा प्रवास 26 ऑगस्ट 2022 पासून मोफत झाला. म्हणजे साठीच्या गुरुजींना पुरे तिकीट आणि बाईंना अर्धे. एवढा मान तरी त्यांना मिळू द्या.

पेन्शन तारखेला बँकेत जमा होते. दिवस मात्र रोज आपल्यालाच जमवावा लागतो. दाराशी एक जनावर, शाळेत चार मुले आणि शेजारी बसून भाकरी खाणारी आपली माणसे, एवढे वाट पाहणारे जोडले, की शाळेची घंटा ऐकू आली नाही तरी चालते. तेव्हा सुरुवात मोठ्या बेताने करू नका. एक मातीचे भांडे आणा, पाणी भरा, आणि कोण येते ते लिहून ठेवा.