चॅटानूगाचं वीजमंडळ

सरकारी खातं आणि उद्योजकता हे शब्द एका दमात उच्चारले, की आपल्याकडे लोक हसतात. हसायला कारणंही आहेत. तरी आज अमेरिकेतल्या एका वीजमंडळाची हकिगत ऐका.

टेनेसी राज्यात चॅटानूगा नावाचं शहर आहे. एकेकाळचं कारखान्यांचं आणि धुराचं गाव. देशातली सगळ्यात घाण हवा इथली, असं 1969 साली जाहीर झालं होतं. या गावाला वीज पुरवते इलेक्ट्रिक पॉवर बोर्ड, लोकांच्या तोंडी ईपीबी. संस्था 1935 सालची, मालकी शहराची. मुंबईच्या बेस्टच्या जातकुळीतली.

तिची डोकेदुखी आपल्या ओळखीचीच. वादळात झाड तारांवर पडलं की अख्खा फीडर बंद. मग लाइनमननं गाडी काढायची आणि एकेक खांब बघत बिघाड हुडकायचा. कोकणातल्या श्रोत्यांना मी हे काय सांगू! ईपीबीनं तारांवर आपोआप चालणारे सुमारे बाराशे स्विच बसवले आणि ते ऑप्टिकल फायबरनं जोडले. आता झाड पडलं, की दोन बाजूंचे स्विच मधला तेवढाच तुकडा वेगळा करतात आणि पलीकडच्या घरांना दुसऱ्या वाटेनं वीज मिळते. पुष्कळ घरांत दिवे एकदा लुकलुकतात, इतकंच.

मंडळाचा बेत एवढ्यावर थांबणारा नव्हता. फायबर दारापर्यंत न्यायचंच, तर त्यावरून इंटरनेटही विकायचं. त्यासाठी रोखे काढून कर्ज उभारलं. 2009 मध्ये वीजजाळ्यासाठी केंद्र सरकारचं 11 कोटी 15 लाख डॉलरचं अनुदान मिळालं. केबल कंपन्या कोर्टात गेल्या, पण त्यांचे दावे टिकले नाहीत. सप्टेंबर 2010 मध्ये ईपीबीनं आपल्या हद्दीतल्या प्रत्येक घराला नि दुकानाला सेकंदाला एक गिगाबिट वेगाचं इंटरनेट देऊ केलं. देशात असं आधी कुणी केलं नव्हतं. दर मात्र महिन्याला 350 डॉलर! पुढे तो 70 वर आला.

मला यातलं हिशेबाचं अंग जास्त आवडतं. इंटरनेटचा तोटा वीजग्राहकांच्या बिलातून भरून काढायला तिथल्या कायद्यानं बंदी आहे. इंटरनेट विभाग फायबर वापरतो आणि त्याचं भाडं वीज विभागाला मोजतो. दुसऱ्याच्या खिशावर धंदा नाही. 2020 मध्ये शाळा बंद पडल्या, तेव्हा गरीब घरांतल्या सुमारे 28 हजार विद्यार्थ्यांसाठी मोफत इंटरनेटची योजना याच जाळ्यावर उभी राहिली.

त्याच्या कितीतरी आधी शेजारची गावंही हे इंटरनेट मागू लागली होती. पण राज्याचा कायदा आडवा आला: मंडळाची वीज जिथवर, तिथवरच इंटरनेट. फेब्रुवारी 2015 मध्ये केंद्रीय दूरसंचार आयोगानं ही अट मोडीत काढली, आणि ऑगस्ट 2016 मध्ये अपील न्यायालयानं ती पुन्हा लागू केली. आडकाठी कल्पनेची नव्हती, पैशाचीही नव्हती; ती विधिमंडळात होती. 2017 मध्ये राज्यानं वीज सहकारी संस्थांना इंटरनेट विकायची मुभा दिली. शहरांच्या वीजमंडळांची हद्द मात्र होती तिथेच ठेवली.