पंडुम : माडिया लेकरांची रानशाळा
गडचिरोलीत भामरागड, एटापल्लीकडच्या माडिया गोंड आदिवासींच्या घरांत लेकराचं पहिलं शिक्षण रानात होतं, आणि त्याला आधार असतो श्रद्धेचा. ‘मरका पंडुम’ हा सण झाल्याशिवाय नवा आंबा तोंडात घालायचा नाही. पेरणीआधी ‘विज्जा पंडुम’ला बियाणं पुजायचं. फळ पिकेपर्यंत झाडावर का राहू द्यायचं, हे पोराला तिथंच उमगतं. कुळाचा देवक प्राणी मारायचा नाही, हेही घरातली वडीलधारी मंडळीच शिकवतात. मला हे शिक्षण फार मोलाचं वाटतं. असं रान राखायचा हक्कही गावाला मिळू शकतो: याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. शिक्षकहो, पंडुमच्या दिवसांत वर्ग रानात न्या, आजी-आजोबांना बोलू द्या.