घोडं, कुत्रं आणि धनगरांचा वाडा

दिवाळी सरली की माण, खटाव, फलटणकडचे धनगर मेंढ्या घेऊन बाहेर पडतात. कुणी घाट उतरून कोकणात जातं, कुणी बागायती पट्ट्यात. एकत्र चालणाऱ्या कुटुंबांचा मिळून एक वाडा होतो.

पुरुष मेंढ्यांमागे जातात. घोडी असतात बायकांच्या हाती. पहाटे भाकरी झाली की आवराआवर. पाठीवर आधी घोंगडी-वाकळा, त्यावर पिठाची पोती, भांडी, मग कोंबड्या आणि रात्री जन्मलेली कोकरं. दोन्ही बाजूंचं वजन सारखं नसलं तर घोड्याची पाठ सोलते आणि जखम भरेपर्यंत त्याच्यावर ओझं घालता येत नाही. दोर आवळताना म्हणूनच कुणी घाई करत नाही. हे कसब मला फार मोठं वाटतं.

रात्री शेतकऱ्याच्या रानात मेंढ्या बसवतात. भोवती वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण. लांडग्याची पहिली चाहूल कुत्र्यांना लागते. ती भुंकली की गडी काठी घेऊन उठलाच! दिवसा हीच कुत्री पाल, म्हणजे राहायचा तंबू, सांभाळतात.

रानात बसलेल्या मेंढ्यांच्या लेंड्या आणि मूत थेट मातीत मुरतं, खत वाहून आणावं लागत नाही. बदल्यात शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. एवढी जमीन कसदार करणाऱ्या माणसांना चराईवरून हुसकून लावलं जातं, हे थांबायला हवं.

दख्खनी मेंढीला कोकणातला पाऊस सोसत नाही. चिखलात खुरं सडतात. त्यामुळे मृगाच्या आधीच वाडे घाट चढून माणदेशाकडे निघतात.